विद्यापीठातल्या वस्तूंची डिजिटल नोंदवही कशी उभारायची

विद्यापीठाच्या एखाद्या जुन्या प्रयोगशाळेत जा आणि कोपऱ्यातल्या यंत्राकडे बोट दाखवून विचारा: हे कधी आलं, कोणत्या निधीतून आलं, आज कोणाच्या ताब्यात आहे? उत्तर बहुधा एखाद्या प्रयोगशाळा सहायकाच्या आठवणीत असतं, आणि तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर जातं. डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची कागदी नोंदवही, असतं, पण त्यात ‘सूक्ष्मदर्शक, ४ नग’ एवढीच ओळ असते. त्या चारांपैकी समोर ठेवलेला कोणता, हे त्या ओळीवरून सांगता येत नाही.

सार्वजनिक विद्यापीठात हा प्रश्न लेखापरीक्षणापुरता नसतो. लोकांच्या पैशातून घेतलेलं उपकरण एका विभागात धूळ खात असतं आणि दोन मजले खाली दुसरा विभाग तेच उपकरण घेण्यासाठी निविदा काढत असतो. मधल्या काळात विद्यार्थी उपकरणावाचून प्रयोग उरकतात. मला या कामाची कळकळ आहे ती त्या विद्यार्थ्यांमुळे.

या लेखात सॉफ्टवेअरचं नाव बरंच उशिरा येईल. कामाचा क्रमच तसा आहे.

मालक कोण, हे लेखी ठरवा

बहुतेक ठिकाणी तीन याद्या असतात: भांडार विभागाची, लेखा विभागाची आणि संगणक केंद्राची. त्या कधीच जुळत नाहीत, कारण तिघे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. भांडार नग मोजतं, लेखा विभाग बिलं मोजतो आणि संगणक केंद्र नेटवर्कवर दिसणारी यंत्रं मोजतं. चाळीस खुर्च्यांचं एक बिल ही भांडारासाठी चाळीस वस्तू, लेखा विभागासाठी एक नोंद आणि संगणक केंद्रासाठी काहीच नाही.

नव्या नोंदवहीचा मालक एकच हवा. माझ्या मते तो भांडार किंवा मालमत्ता कक्ष असावा. किमती आणि घसारा लेखा विभागाने पुरवावा, सर्व्हर आणि बॅकअप संगणक केंद्राने सांभाळावा. नोंदवही संगणक केंद्राच्या गळ्यात घातली की ती हळूहळू फक्त संगणकांची होते. टेबलं, कपाटं, प्रयोगशाळेतल्या घातक वाफा ओढून घेणारे फ्यूमहूड मागे पडतात. हे कुलसचिवांच्या सहीच्या आदेशात यावं, आणि प्रत्येक विभागासाठी एक ताबाधारक व त्याचा बदली माणूस त्याच आदेशात नमूद व्हावा. तोंडी ठरलेली जबाबदारी पहिल्या बदलीनंतर टिकत नाही.

काय मोजायचं आणि काय सोडायचं

सगळं मोजायला निघालात तर काहीच पुरं होणार नाही. किमतीची एक मर्यादा ठरवा, पण त्याला दोन अपवाद ठेवा. हातात उचलून नेता येणारी आणि माहिती साठवणारी वस्तू किमतीला कमी असली तरी नोंदवायची: लॅपटॉप, टॅब, कॅमेरा, बाह्य हार्डडिस्क. याउलट काचेची भांडी, टोनर, रसायनं या उपभोग्य वस्तू आहेत. त्यांचा साठा वेगळ्या पद्धतीने चालतो, त्यांना इथे आणू नका.

ग्रंथालयाची पुस्तकंही बाहेर ठेवा. त्यांच्यासाठी कोहासारख्या मुक्त प्रणाली दोन दशकांहून अधिक काळ चालत आल्या आहेत आणि त्यांची तर्करीत वेगळी आहे. वाचनालयातली टेबलं, स्कॅनर, सर्व्हर मात्र या नोंदवहीत हवेत.

तीन प्रकार हमखास निसटतात. पहिला, संशोधन प्रकल्पातून घेतलेली उपकरणं. प्रकल्प संपेपर्यंत मालकी निधी देणाऱ्या संस्थेची असू शकते, म्हणून ‘मालकी’ आणि ‘ताबा’ हे दोन रकाने वेगळे ठेवा. दुसरा, देणगी म्हणून आलेल्या वस्तू. त्यांना बिल नसतं, म्हणून बिलावरून चालणारी कोणतीही यादी त्यांना पाहतच नाही. तिसरा, सॉफ्टवेअरचे परवाने. त्यांना खोली नसते. त्यांच्यासाठी परवान्यांची संख्या, मुदत आणि कोणत्या यंत्रांवर बसवले, एवढं पुरे.

वस्तूंच्या आधी खोल्या

या पायरीला लोक दोन दिवस देतात. तिला दोन-तीन आठवडे द्या. वस्तू कुठे आहे हे सांगायला आधी ‘कुठे’ला नाव लागतं, आणि जुन्या आवारात ते नसतं. एकाच खोलीला दारावर एक क्रमांक, वेळापत्रकात दुसरा आणि लोकांच्या तोंडी तिसराच असतो. ‘सरांची जुनी केबिन’ हा पत्ता त्या सरांना ओळखणाऱ्यांनाच उपयोगी.

बांधकाम विभागाकडचे नकाशे घ्या आणि हातात नकाशा धरून प्रत्येक मजला चाला. नकाशात नसलेल्या भिंती सापडतील, एका खोलीच्या दोन झालेल्या दिसतील, जिन्याखालची कोठारं दिसतील. इमारत, मजला, खोली असा तीन पातळ्यांचा क्रमांक द्या आणि तो दाराच्या चौकटीवर लावा. पाटीवर लावू नका, कारण विभाग हलला की पाटीही हलते. मोठ्या प्रयोगशाळेत चौथी पातळी म्हणून टेबल किंवा कपाट चालेल, पण सगळीकडे तो हट्ट धरू नका. व्हरांडा, गच्ची, वाहनतळ, वसतिगृहाचं स्वयंपाकघर यांनाही क्रमांक हवा. आणि एक क्रमांक ‘आवाराबाहेर’ साठी राखून ठेवा: दुरुस्तीला गेलेली, क्षेत्रभेटीला नेलेली, घरी दिलेली वस्तू तिथे असते.

खोल्यांच्या याद्या भिंतींइतक्या पक्क्या नसतात. कोणती खोली कोणत्या विभागाकडे आहे हा रकाना वेगळा ठेवा, म्हणजे वाटप बदललं तरी क्रमांक तोच राहील.

क्रमांकात अर्थ कोंबू नका

पहिल्या बैठकीत कोणीतरी सुचवतंच: क्रमांकात विभागाचं संक्षिप्त नाव, खरेदीचं वर्ष, वस्तूचा प्रकार असं सगळं बसवू, म्हणजे पाहताक्षणी कळेल. मोह समजण्यासारखा आहे, पण त्याला ठाम नकार द्या. भौतिकशास्त्राचं यंत्र उद्या इलेक्ट्रॉनिक्सकडे गेलं की क्रमांक खोटा होतो. मग कोणी नवा क्रमांक देतं, आणि एका वस्तूच्या दोन नोंदी तयार होतात. विभाग, वर्ष, प्रकार या माहितीला रकाने आहेत. क्रमांकाचं काम फक्त एक: ही वस्तू दुसऱ्या कोणत्याही वस्तूपासून वेगळी ओळखणं.

म्हणून सात-आठ अंकांचा सरळ चढता क्रमांक घ्या आणि शेवटी एक तपासणी अंक, म्हणजे आधीच्या अंकांवरून हिशेबाने काढलेला अंक, जोडा. बँकेच्या कार्डांवर वापरली जाणारी लुनची पद्धत त्यासाठी पुरेशी आहे: एक अंक चुकला तर ती नेहमी पकडते, शेजारचे दोन अंक उलटले तर जवळजवळ नेहमी पकडते. फाटलेल्या लेबलवरचा क्रमांक हाताने टंकावा लागतो तेव्हा याची किंमत कळते.

मोजकेच रकाने

फॉर्ममध्ये पन्नास रकाने असले की लोक पहिले आठ भरतात आणि उरलेल्यांत टिंब टाकतात. सक्तीचे असे ठेवा: क्रमांक, प्रकार, वर्णन, निर्मात्याचा अनुक्रमांक, खोली, ताबाधारक, स्थिती, निधीचा स्रोत, खरेदीची तारीख आणि किंमत. शेवटचे दोन जुन्या वस्तूंसाठी रिकामे राहू शकतात, हे प्रणालीने मान्य करायला हवं. सक्ती केली तर लोक अंदाज टाकतील, आणि अंदाज एकदा रकान्यात बसला की तो पुराव्यासारखा दिसू लागतो.

प्रकार यादीतून निवडायचा, टंकायचा नाही. नाहीतर ‘संगणक’, ‘कॉम्प्युटर’, ‘पीसी’ आणि ‘डेस्कटॉप’ हे चार प्रकार होतील आणि एकूण किती संगणक आहेत याचं उत्तर कोणालाही देता येणार नाही. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने घ्या, उदाहरणार्थ २०२४-०३-०७. मग ती मार्चची सात की जुलैची तीन असा वाद उरत नाही. मजकूर युनिकोडमध्येच हवा. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या जुन्या याद्या नव्या प्रणालीत ओतल्या की अक्षरांचा कचरा दिसतो. आधी त्यांचं रूपांतर करून घ्या.

एक वस्तू म्हणजे काय, हेही ठरवा. संगणक आणि मॉनिटर वेगळे नोंदवा, कारण मॉनिटर हलतात. कीबोर्ड नोंदवू नका. लाखमोलाच्या यंत्राचा महाग सुटा भाग, जो वेगळ्या वेळी बदलला जातो, त्याला स्वतःचा क्रमांक द्या आणि मूळ यंत्राशी जोडा.

जुनं रजिस्टर आधी टंकू नका

जुन्या रजिस्टरांच्या हजारो ओळी टंकून घ्यायच्या आणि मग त्या वस्तू शोधायला निघायचं, हा मार्ग सरळ वाटतो. मी ज्या ठिकाणी हे होताना पाहिलं तिथे टंकणारे थकले, आणि हाती आली ती वीस वर्षांपूर्वी भंगारात गेलेल्या वस्तूंची सुबक यादी.

उलट जा. आधी जे डोळ्यांना दिसतं ते नोंदवा. मग प्रत्येक नोंदीला जुन्या रजिस्टरचं पान आणि ओळ जुळते का ते पाहा. शेवटी तीन ढीग उरतील: दोन्हीकडे असलेल्या वस्तू, फक्त खोलीत असलेल्या, आणि फक्त कागदावर असलेल्या. पहिला ढीग झाला. दुसऱ्यात देणग्या, प्रकल्पातली उपकरणं आणि दुसऱ्या विभागाच्या वस्तू निघतात. तिसरा अवघड आहे, त्याच्याकडे वळू. जुनी रजिस्टरं स्कॅन करून जपा, फेकू नका. कायदेशीर पुरावा तीच आहेत.

लेबल

क्यूआर कोड जपानमध्ये १९९४ साली डेन्सो वेव्हने मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी काढला, म्हणजे तो मुळात याच कामाचा आहे. त्यात चुका सुधारण्याच्या चार पातळ्या असतात. सर्वात वरच्या पातळीवर कोडचा सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. ती पातळी निवडा आणि आत फक्त क्रमांक भरा. मजकूर जितका कमी, तितके चौकोन मोठे आणि साध्या फोनला वाचायला सोपे. शेजारी तोच क्रमांक ठळक अंकांत छापा.

कागदी लेबल प्रयोगशाळेत टिकत नाही. पॉलिएस्टरवर थर्मल ट्रान्स्फर पद्धतीने छापलेलं लेबल घ्या. भट्टी, आम्ल किंवा ऊन यांच्याजवळच्या यंत्रांना कोरलेली धातूची पट्टी लावा. वीस-तीस नमुने आधी वेगवेगळ्या पृष्ठभागांवर चिकटवून महिनाभर ठेवा. जागाही ठरवून द्या, जसं की समोरच्या बाजूला वर उजवीकडे. मागच्या बाजूला लावलेल्या लेबलसाठी दर वर्षी कोणालातरी जड यंत्र ओढावं लागतं.

आरएफआयडीचा, म्हणजे रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणाऱ्या टॅगचा, मोह पुष्कळांना होतो. अतिउच्च वारंवारतेचे, बॅटरी नसलेले टॅग काही मीटरवरून वाचता येतात, खोलीभर खुर्च्या मिनिटांत मोजून होतात. पण धातूवर साधे टॅग चालत नाहीत, पाण्यात लहरी शोषल्या जातात आणि खास टॅग महाग पडतात. शिवाय भिंतीपलीकडच्या खोलीतली वस्तूही वाचली जाते आणि चुकीच्या खोलीत नोंदते. सुरुवात क्यूआरनेच करा.

आता सॉफ्टवेअर

काम एक्सेलमध्ये सुरू झालं तर हरकत नाही, पण तिथेच राहू देऊ नका. जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये या मर्यादेमुळे १५,८४१ कोविडबाधितांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत. नव्या फाइलमध्ये ओळी दहा लाखांवर गेल्या, पण एक्सेल अजूनही सुरुवातीचे शून्य गाळतं, पंधरापेक्षा जास्त अंकांच्या अनुक्रमांकाचे शेवटचे अंक शून्य करतं आणि मधे ‘ई’ असलेल्या अनुक्रमांकाला घातांकी संख्या समजतं. अनुक्रमांकाचा रकाना पहिल्या दिवसापासून ‘मजकूर’ ठेवा. आणि कोणी, कधी, काय बदललं याचा खात्रीचा इतिहास सुट्या फाइलमध्ये राहत नाही. सार्वजनिक संस्थेत तो नसला तर नोंदीवर विश्वास कसा ठेवायचा?

मुक्त स्रोतांत स्नाइप-आयटी आणि जीएलपीआय या दोन प्रणाली प्रसिद्ध आहेत. दोन्ही मुळात संगणकसामग्रीसाठी बनल्या, तरी इतर वस्तूंनाही चालवून घेता येतात. विद्यापीठाची ईआरपी, म्हणजे लेखा, खरेदी वगैरे कामांची एकत्रित संगणक प्रणाली, असेल तर तिचा मालमत्ता भाग आधी तपासा. निवड कोणतीही असो, मी पाच गोष्टींवर अडून बसेन: बदलांचा न पुसता येणारा इतिहास, विभागानुसार अधिकार, नेटवर्क नसताना फोनवर स्कॅन करण्याची सोय, लेखा प्रणालीशी जोडणी, आणि संपूर्ण माहिती कधीही खुल्या स्वरूपात बाहेर काढता येणं. शेवटची अट करारात लिहून घ्या आणि करार संपण्याची वाट न पाहता पहिल्या महिन्यातच ती वापरून पाहा.

पहिली मोजणी: आधी भीती काढा

आता तिसरा ढीग, म्हणजे कागदावर असलेल्या पण न सापडणाऱ्या वस्तू. प्रयोगशाळा सहायक, भांडारपाल, शिपाई यांना एकच काळजी असते: वस्तू सापडली नाही तर वसुली माझ्या पगारातून होईल. ती आपण रुजू होण्याआधी हरवली असेल, हे सिद्ध कसं करणार? म्हणून कपाटांच्या किल्ल्या सापडत नाहीत, शेजारच्या विभागातून दोन दिवसांसाठी स्टूल आणली जातात आणि मोजणी बरोबर येते. खोटी, पण बरोबर.

यावर मला एकच उपाय माहीत आहे. मोजणीपूर्वी लेखी आदेश काढा: ही आधारमोजणी आहे, आजवरची तफावत फक्त नोंदवली जाईल, आणि व्यक्तिगत जबाबदारी ताबाधारकाने नव्या यादीवर सही केल्याच्या तारखेपासून सुरू होईल. मोठ्या किमतीच्या वस्तू किंवा चोरीचा संशय यांची वेगळी चौकशी राहीलच, ते आदेशात स्पष्ट लिहा. हा आदेश वित्त व लेखाधिकारी आणि लेखापरीक्षक यांच्याशी आधी बोलून काढा. त्यांची संमती नसलेल्या अभयाला कर्मचारी अभय मानत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

मनुष्यबळाचा हिशेब सोपा आहे. दोघांची एक तुकडी, एक जण लेबल लावतो आणि अनुक्रमांक वाचतो, दुसरा नोंदवतो. एका वस्तूला तीन मिनिटं धरली तर तासाला वीस, पाच तासांच्या प्रत्यक्ष कामात शंभर. वीस हजार वस्तूंना दोनशे तुकडी-दिवस, म्हणजे दहा तुकड्यांना वीस दिवस. परीक्षांचा आणि प्रवेशांचा काळ टाळा. तुकडीतला एक जण त्या विभागाचा आणि एक बाहेरचा असावा. आतल्याला वस्तू ओळखू येते, बाहेरचा बंद कपाट उघडायला सांगतो.

सगळीकडे एकदम सुरू करण्याआधी दोन ठिकाणी करून पाहा: एक प्रशासकीय कार्यालय आणि एक अवघड प्रयोगशाळा, शक्यतो रसायनशास्त्राची. संगणकशास्त्र विभाग पहिला निवडू नका. तिथे सगळं सुरळीत होतं आणि शिकायला काही मिळत नाही.

नोंद जिवंत ठेवणारे चार दरवाजे

यादी ज्या दिवशी पूर्ण होते त्याच दिवसापासून जुनी होऊ लागते. लोकांना ‘नोंदी अद्ययावत ठेवा’ असं परिपत्रक पाठवून काही होत नाही. वस्तू आणि माणसं ज्या कागदांतून तसंही जातातच, त्या कागदांना नोंद बांधायची.

पहिला दरवाजा बिलाचा: मालमत्ता क्रमांक लिहिल्याशिवाय बिल मंजूर होणार नाही. सगळ्यांत जास्त फरक याच एका नियमाने पडतो, कारण पुरवठादारच विभागाच्या मागे लागतो. दुसरा ना-देय प्रमाणपत्राचा: निवृत्ती, बदली किंवा प्रकल्प संपताना ताब्यातल्या वस्तू दुसऱ्याच्या नावावर गेल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. तिसरा आवाराच्या फाटकाचा: बाहेर जाणाऱ्या वस्तूच्या गेटपासवर क्रमांक, आणि परतण्याची तारीख. चौथा दुरुस्तीचा: क्रमांकाशिवाय तक्रार घेतली जाणार नाही. या चौथ्यामुळे नोंदवही विभागाच्या उपयोगाची होते, कारण कोणतं यंत्र किती वेळा बंद पडलं हे एका जागी दिसतं आणि नवं मागताना पुरावा हाती असतो.

खोल्यांमधली अंतर्गत हलवाहलव कोणत्याच दरवाजातून जात नाही. ती फोनवर दोन स्कॅनमध्ये नोंदता आली पाहिजे, एक वस्तूचा आणि एक खोलीचा. अर्ज भरायला लावलात तर नोंद होणार नाही.

संगणकांसाठी नेटवर्कवरचा आपोआप शोध जोडा. सीआयएस या सायबर सुरक्षेच्या नियंत्रणांच्या यादीत यंत्रांची यादी पहिल्या क्रमांकावर आहे, कारण जे यंत्र आहे हेच ठाऊक नाही त्याची सुरक्षा कोण पाहणार? ताबाधारकांच्या नोंदी मात्र व्यक्तिगत माहिती आहेत; कोणाच्या घरी कोणता लॅपटॉप आहे हे सगळ्यांना दिसता कामा नये.

ताळमेळ आणि पडताळणी

लेखा विभागाशी महिन्याला ताळमेळ घाला. वर्षअखेरीला घालायला गेलात की बिलं सापडत नाहीत. सार्वजनिक क्षेत्रासाठीच्या आंतरराष्ट्रीय लेखामानकांत मालमत्तेचं नवं मानक, आयपीएसएएस ४५, १ जानेवारी २०२५ पासून लागू झालं. आपल्या संस्थेला ते लागू असो वा नसो, घसाऱ्याने शून्यावर आलेली पण वापरात असलेली वस्तू नोंदवहीतून काढायची नाही, एवढं पाळा. शून्य किमतीची अनेक यंत्रं रोज प्रयोगाला असतात.

वर्षातून एकदा सगळं मोजण्याऐवजी दर महिन्याला काही खोल्या घ्या, आणि महाग व हलत्या वस्तू वर्षातून दोनदा. तपासणी दोन्ही दिशांनी करा: यादीतून तीस वस्तू निवडून त्या खोलीत शोधा, मग खोलीतून तीस निवडून त्या यादीत शोधा. पहिली दिशा हरवलेल्या वस्तू दाखवते, दुसरी न नोंदलेल्या. लेखापरीक्षणात पहिलीवर भर असतो, पण नव्या प्रणालीचं आरोग्य दुसरीतून कळतं.

निर्लेखन

वापराबाहेर गेलेल्या वस्तू खोल्या अडवून ठेवतात, कारण निर्लेखनाची, म्हणजे वस्तू अधिकृतपणे वापरातून बाद करण्याची, फाइल पुढे सरकवायला कोणी धजत नाही. नोंदवहीत ‘निर्लेखनासाठी प्रस्तावित’ अशी स्थिती ठेवा आणि ती लावल्यावर तीस दिवस इतर विभागांना दिसू द्या. एखाद्याला हवी असेल तर तो मागून घेईल. कोणी न मागितलेली वस्तू समितीपुढे जाईल.

साठवण असलेलं प्रत्येक यंत्र बाहेर पडण्यापूर्वी पुसलं गेलं पाहिजे. फाइली डिलीट करून किंवा साधं फॉरमॅट करून माहिती जात नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेचं ८००-८८ हे मार्गदर्शन त्यासाठी जगभर वापरलं जातं. एसएसडीसाठी त्यावर पुन्हा पुन्हा लिहिण्यापेक्षा ड्राइव्हची स्वतःची पुसण्याची आज्ञा किंवा प्रत्यक्ष नाश हा मार्ग घ्यावा. पुसल्याची तारीख, पद्धत आणि करणाऱ्याचं नाव त्याच क्रमांकाखाली लिहा. नोंद मात्र कधीही डिलीट करू नका, स्थिती बदला, आणि तो क्रमांक पुन्हा कोणत्याही वस्तूला देऊ नका.